मोर्तेझा मेहरझाद : उंचीचे ओझे आणि सुवर्णाची हॅटट्रिक

जगातील सर्वाधिक उंच माणसांमध्ये ज्याची गणना होते, त्या खेळाडूने आपले सारे यश जमिनीवर बसून मिळवले आहे. इराणच्या मोर्तेझा मेहरझादची उंची २४६ सेंटीमीटर, म्हणजे आठ फूट एक इंच. पॅरालिम्पिकच्या इतिहासातील तो सर्वांत उंच खेळाडू मानला जातो. सिटिंग व्हॉलीबॉल अर्थात बसून खेळल्या जाणाऱ्या व्हॉलीबॉलमध्ये रिओ २०१६, टोकियो २०२० आणि पॅरिस २०२४ अशा लागोपाठच्या तीन पॅरालिम्पिक स्पर्धांत त्याने इराणच्या संघातून सुवर्णपदक पटकावले. या प्रत्येक स्पर्धेच्या वेळी जगभरातील वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे ठळकपणे छापली. त्यातील बहुतेकांचा रोख त्याच्या उंचीवर होता. त्याच्या खेळाची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

मेहरझादच्या कारकीर्दीचे मर्म नेमके याच विसंगतीत आहे. ज्या शरीराकडे लोक कुतूहलाने वळून वळून पाहत आणि ज्यामुळे त्याला घराबाहेर पडणे नकोसे झाले होते, तेच शरीर एका प्रशिक्षकाच्या नजरेला खेळाडूचे शरीर म्हणून दिसले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत तो राष्ट्रीय संघात दाखल झाला.

चालूसमधील मुलगा

मेहरझादचा जन्म १७ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राच्या काठी माझंदरान प्रांत आहे. त्यातील चालूस हे त्याचे गाव. मेहरझादसेलाकजानी असे त्याचे पूर्ण आडनाव असले, तरी क्रीडाविश्व त्याला मेहरझाद याच नावाने ओळखते.

त्याच्या अवाजवी उंचीमागे ॲक्रोमेगॅली हा विकार आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी शरीराची वाढ घडवून आणणारे संप्रेरक स्रवते. बहुधा या ग्रंथीवर निर्माण झालेल्या गाठीमुळे त्या संप्रेरकाचे प्रमाण बेसुमार वाढते. हाडांची लांबी वाढण्याचे वय संपण्यापूर्वीच हे घडले, तर उंची वाढतच राहते. पुढे हात, पाय, जबडा आणि कपाळ यांची हाडेही रुंदावतात. सांधे दुखणे, हृदयावर ताण येणे, लवकर थकवा येणे हे या विकाराचे नेहमीचे परिणाम होत. त्यामुळे बाहेरून जी उंची बलदंड वाटते, तिच्यामागे पुष्कळदा एक थकलेले शरीर असते.

पौगंडावस्थेतच एक अपघात घडला. मेहरझाद सायकलवरून पडला आणि त्याच्या कटिबंधाच्या हाडाला गंभीर इजा झाली. त्यानंतर त्याच्या उजव्या पायाची वाढ खुंटली. डावा पाय मात्र वाढत राहिला. आज त्याच्या दोन पायांच्या लांबीत सुमारे पंधरा सेंटीमीटरचा फरक आहे. चालण्यासाठी त्याला कुबड्यांचा आधार घ्यावा लागतो आणि एरवी तो चाकाची खुर्ची वापरतो.

दारे, वाहने, खाटा, कपडे, पादत्राणे यांपैकी काहीही आठ फुटी माणसासाठी बनवलेले नसते. त्यातच चालणेही दुरापास्त झाले. रस्त्यावर लोकांच्या नजरा चुकवता येत नव्हत्या. त्या काळात आपण एकाकी होतो आणि निराशेने ग्रासलो होतो, असे त्याने पुढे आपल्या मुलाखतींमधून सांगितले आहे. तारुण्याची उमेदीची वर्षे त्याने बहुतांशी घराच्या चार भिंतींआड काढली.

दूरचित्रवाणीवरील दर्शन

सन २०११ मध्ये इराणच्या दूरचित्रवाणीवर शारीरिक वेगळेपण असलेल्या व्यक्तींविषयीच्या एका कार्यक्रमात मेहरझाद दिसला. अशा कार्यक्रमांत सहानुभूती असते आणि कुतूहलही असते. कार्यक्रम संपला की प्रेक्षक हळहळतात व विसरून जातात. या वेळी मात्र दूरचित्रवाणीसमोर हादी रेझाई बसले होते. इराणच्या सिटिंग व्हॉलीबॉल संघाची उभारणी करणाऱ्यांमध्ये रेझाई यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पडद्यावरील तरुणाचे लांबच लांब हात पाहून त्यांच्या मनात जो विचार आला, तो जाळीच्या उंचीचा होता.

पण केवळ उंची आहे म्हणून कोणी व्हॉलीबॉलपटू होत नाही. ज्याने उमेदीची वर्षे घरात बसून काढली, त्याला चेंडूचा अंदाज घेणे, जमिनीवर हातांच्या जोरावर सरकणे, तोल सांभाळत फटका मारणे आणि सहकाऱ्यांशी मेळ साधणे हे सारे मुळापासून शिकावे लागते. दूरचित्रवाणीवरील त्या दर्शनापासून आंतरराष्ट्रीय पदार्पणापर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली, ती यामुळेच. मार्च २०१६ मध्ये चीनमध्ये झालेल्या इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धेत मेहरझाद प्रथमच इराणच्या संघातून खेळला. तेव्हा त्याचे वय २८ वर्षांचे होते. नेहमीच्या व्हॉलीबॉलमध्ये या वयाचे खेळाडू कारकीर्दीच्या ऐन मध्यावर असतात.

जमिनीवरचा खेळ

मेहरझादच्या उंचीचे मोल कळण्यासाठी हा खेळ समजून घ्यायला हवा. सिटिंग व्हॉलीबॉलचा जन्म नेदरलँड्समध्ये १९५६ साली झाला. जमिनीवर बसून खेळला जाणारा 'सिट्झबॉल' हा जर्मन खेळ आणि व्हॉलीबॉल यांच्या संयोगातून तो साकारला. १९७६ च्या टोरांटो पॅरालिम्पिकमध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. १९८० साली नेदरलँड्समधील आर्नहेम येथे भरलेल्या स्पर्धेत त्याला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. महिलांच्या संघांना मात्र २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकपर्यंत वाट पाहावी लागली.

या खेळाचे मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असते. नेहमीच्या व्हॉलीबॉलच्या १८ बाय ९ मीटरच्या मैदानापेक्षा ते बरेच लहान आहे. पुरुषांसाठी जाळीची वरची कड जमिनीपासून १.१५ मीटरवर आणि महिलांसाठी १.०५ मीटरवर असते. दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू असतात. पाचपैकी तीन सेट जिंकणारा संघ विजयी ठरतो. पहिले चार सेट २५ गुणांचे आणि पाचवा १५ गुणांचा असतो. चेंडूला तीन स्पर्शांत पलीकडे धाडण्याचा नियमही तोच आहे.

खरा फरक एका नियमात आहे. चेंडू खेळताना खेळाडूचे नितंब किंवा धड जमिनीला टेकलेले असलेच पाहिजे. मागच्या भागात बचाव करताना क्षणभर सुटलेला स्पर्श माफ असतो. पण फटका मारताना, जाळीवर अडवताना किंवा सर्व्हिस करताना बैठक उचलली गेली की गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. या नियमामुळे उडी मारणे बाद होते. उभ्या खेळातील खेळाडू उंची कमी असली तरी उडीच्या जोरावर ती भरून काढू शकतो. बसलेल्या खेळाडूला तशी सोय नाही. त्याच्या धडाची लांबी आणि हाताची लांबी यांची बेरीज हीच त्याची कमाल पोहोच असते.

बसलेल्या मेहरझादने हात वर केला की तो जमिनीपासून १.९ मीटरहून अधिक उंचीवर पोहोचतो. म्हणजेच जाळीच्या वर सुमारे पाऊण मीटर. समोरच्या खेळाडूंनी कितीही हात ताणले, तरी त्यांचा ब्लॉक तेवढा उंच जात नाही. लिफ्टरने चेंडू पुरेसा उंच दिला, तर मेहरझादला तो अडवणाऱ्यांच्या बोटांवरून खाली ठोकता येतो. बसून खेळण्याच्या व्हॉलीबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस जाळीवरच अडवण्याची मुभा असते. उभ्या खेळात ती नाही. त्यामुळे तो पुढच्या रांगेत असला की समोरच्या खेळाडूला सर्व्हिस कुठून आणि कशी काढावी, याचाही विचार करावा लागतो.

उंचीच्या मर्यादा

एवढे असल्यावर इराणला हरवणे अशक्यच, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या खेळात हात हेच पाय असतात. ज्या हातांनी चेंडू उचलायचा, त्याच हातांनी जमिनीला रेटा देऊन सरकायचे आणि पुन्हा क्षणार्धात ते चेंडूखाली आणायचे असतात. जाळी बुटकी आणि मैदान लहान असल्यामुळे चेंडू येण्यास लागणारा वेळ फार थोडा असतो. म्हणूनच हा खेळ उभ्या व्हॉलीबॉलपेक्षा अधिक वेगवान वाटतो. अशा खेळात अवाढव्य शरीर झटपट हलवणे ही सोपी गोष्ट नव्हे. चतुर प्रतिस्पर्धी चेंडू त्याच्या बाजूला, थोडा पुढे किंवा मागे टाकून त्याला हलायला लावू पाहतात.

शिवाय खेळाडूंना आळीपाळीने जागा बदलाव्या लागतात. सहा फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत मेहरझादला मागच्या रांगेत बसावे लागते. तेथून आक्रमण करायचे तर जाळीपासून दोन मीटरवरच्या रेषेमागूनच करावे लागते. त्यामुळे पहिला पास नेमका देणारे, सर्व्हिस उचलणारे आणि त्याला हवा तेवढा उंच चेंडू लावून देणारे सहकारी नसतील, तर त्याची पोहोच वायाच जाणार. दावूद अलीपुरियन, रमझान सालेही, सादेघ बिगदेली यांच्यासारख्या खेळाडूंनी रिओमध्ये हे काम चोख बजावले. मेहरझाद संघात येण्यापूर्वीच इराणची या खेळातील परंपरा पक्की झालेली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

युद्धाच्या छायेतील परंपरा

पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांच्या सिटिंग व्हॉलीबॉलची पहिली दोन सुवर्णपदके नेदरलँड्सने जिंकली. १९८८ मध्ये सोल येथे इराण प्रथमच विजेता ठरला आणि तेथून चित्र पालटले. १९८८ ते २०२४ या काळातील दहाही पॅरालिम्पिक स्पर्धांत इराणने अंतिम फेरी गाठली. त्यांतील आठ वेळा सुवर्ण आणि दोन वेळा रौप्यपदक त्याच्या वाट्याला आले. १९८० ते १९८८ या काळात चाललेल्या इराण-इराक युद्धात जायबंदी झालेले असंख्य तरुण तेव्हा देशात होते. त्यांच्या पुनर्वसनाच्या प्रयत्नांतून अपंगांच्या क्रीडा चळवळीला बळ मिळाले.

इराणला दोनदा रौप्यपदकावर समाधान मानायला लावणारा संघ एकच, बोस्निया-हर्झेगोविना. या देशाची कथाही युद्धाचीच आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धाने आणि त्यानंतरही जमिनीत दडून राहिलेल्या सुरुंगांनी अनेकांचे पाय हिरावून घेतले. त्यांतील काहींनी सिटिंग व्हॉलीबॉलची वाट धरली आणि काही वर्षांतच या लहानशा देशाने जगातील बलाढ्य संघ उभा केला. सन २००० पासूनच्या सात पॅरालिम्पिक अंतिम सामन्यांपैकी सहा सामने याच दोन देशांत झाले. अथेन्स २००४ आणि लंडन २०१२ मध्ये बोस्नियाने बाजी मारली. २०१४ चे जागतिक विजेतेपदही बोस्नियाकडे गेले. दोन युद्धांतून उभे राहिलेले हे दोन संघ एकमेकांचा खेळ पुरता ओळखून होते. इराणला नवे अस्त्र हवे होते आणि मेहरझादच्या रूपाने ते मिळाले.

रिओ : पहिले सुवर्ण

रिओ पॅरालिम्पिकचा अंतिम सामना १८ सप्टेंबर २०१६ रोजी झाला. आदल्याच दिवशी मेहरझादने वयाची २९ वर्षे पूर्ण केली होती. परंतु इराणच्या पथकावर तेव्हा शोककळा पसरलेली होती. बहमन गोलबारनेझाद या इराणी सायकलपटूचा त्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, शर्यतीदरम्यान अपघाती मृत्यू झाला होता. या पार्श्वभूमीवर इराणचा संघ बोस्नियाविरुद्ध मैदानात उतरला.

पहिला सेट बोस्नियाने २५-२१ असा जिंकला. सफेत अलिबाशिच, सबाहुदिन देलालिच यांच्यासारखे मुरब्बी खेळाडू त्या संघात होते. पण दुसऱ्या सेटपासून इराणने सामन्याची सूत्रे हाती घेतली आणि २५-२१, २५-१८, २५-१५ असे पुढचे तिन्ही सेट जिंकून सुवर्णपदक खेचून आणले. मेहरझादने एकट्याने २८ गुण मिळवले. सेटगणिक वाढत गेलेले गुणांचे अंतर पाहिले, की बोस्नियाच्या बचावाला त्याच्या फटक्यांवर तोडगा सापडला नाही, हे स्पष्ट होते. सहा महिन्यांपूर्वी पदार्पण केलेला खेळाडू पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्याचा नायक ठरला.

टोकियो आणि पॅरिस

रिओनंतर प्रतिस्पर्धी संघांनी त्याच्याविरुद्ध डावपेच आखले, तरी इराणची घोडदौड थांबली नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये आणि २०२२ मध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे झालेल्या जागतिक स्पर्धांचे विजेतेपद इराणने पटकावले. करोनामुळे वर्षभर लांबणीवर पडलेल्या टोकियो पॅरालिम्पिकचा अंतिम सामना ४ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. त्यात इराणने रशियन पॅरालिम्पिक समितीच्या संघाला ३-१ असे नमवले. बोस्नियाला या वेळी कांस्यपदक मिळाले.

पॅरिसमध्ये ६ सप्टेंबर २०२४ रोजी इराण आणि बोस्निया पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. ही लढतही इराणने ३-१ अशी जिंकली. मेहरझादचे हे तिसरे पॅरालिम्पिक सुवर्ण. तेव्हा तो ३७ वर्षांचा होण्यास अवघे अकरा दिवस उरले होते.

एका पलंगाची गोष्ट

पॅरिसमधील त्याच्या खेळापेक्षा त्याच्या पलंगाचीच बातमी अधिक गाजली. टोकियोच्या क्रीडानगरीत त्याच्यासाठी खास लांब पलंग तयार करण्यात आला होता. पॅरिसमध्ये तशी सोय नसल्याने तो जमिनीवर झोपणार आहे, असे प्रशिक्षक रेझाई यांनी स्पर्धेच्या काळात सांगितले आणि ती बातमी वाऱ्यासारखी जगभर पसरली. पलंगाची लांबी वाढवण्याचे जोडभाग पुरवल्याचा खुलासा आयोजकांनी त्यावर केला. रेझाई यांचा सूर मात्र तक्रारीचा नव्हता. पलंग असो वा नसो, विजेता होण्याचा त्याचा निर्धार पक्का आहे, असे ते म्हणाले होते.

ही घटना एरवी किरकोळ वाटेल. पण अपंग खेळाडूंच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, जेथे सारी व्यवस्थाच वेगवेगळ्या शरीरांचा विचार करून आखली जाते, तेथेही एका खेळाडूच्या शरीराचे माप व्यवस्थेत बसवताना खळखळ झाली. चालूसमधल्या घरात मेहरझादला जो प्रश्न रोज भेडसावत होता, तोच जगज्जेता झाल्यावरही त्याची पाठ सोडत नव्हता.

न्याय्यतेचा प्रश्न

एवढ्या उंच माणसाला या खेळात खेळू देणे योग्य आहे काय, असा प्रश्न समाजमाध्यमांवर दरवेळी उपस्थित होतो. त्याचे उत्तर नियमांत आहे. पॅरालिम्पिकमध्ये सहभागासाठी ठरावीक प्रकारचे शारीरिक व्यंग असावे लागते आणि पायांच्या लांबीतील फरक हा त्यांपैकी एक मान्य प्रकार आहे. मेहरझाद पात्र ठरला, तो त्याच्या उंचीमुळे नव्हे; अपघातानंतर खुंटलेल्या पायामुळे. वर्गीकरणाचे काम अपंगत्व तपासण्याचे असते. एखाद्याचे हात लांब असणे, कोणाची नजर तीक्ष्ण असणे किंवा कोणाला उपजत वेग असणे या गोष्टी उभ्या खेळांतही मोजून समान केल्या जात नाहीत. नेहमीच्या व्हॉलीबॉलमध्ये दोन मीटरहून उंच खेळाडू संघात असणे ही आज सामान्य बाब आहे आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. ही उंची मेहरझादने मागून घेतलेली नाही. ती एका विकाराने त्याच्यावर लादली आहे आणि तिची किंमत तो मैदानाबाहेर रोज मोजतो. खेळाच्या मैदानावर तिचा थोडाफार लाभ त्याला मिळाला, एवढेच.

कारकीर्दीचे मोल

आकडेवारीच्या भाषेत मेहरझादची कारकीर्द थोडक्यात सांगता येते : पदार्पण २०१६ मध्ये, पॅरालिम्पिक सुवर्णपदके तीन आणि मधल्या काळात इराणची दोन जागतिक विजेतेपदे. सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये याहून दीर्घकाळ खेळलेले खेळाडू आहेत. बोस्नियाच्या संघातील काही खेळाडू दोन दशकांहून अधिक काळ मैदानात वावरले. परंतु या खेळाचे नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्यात मेहरझादचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्याचे छायाचित्र पाहण्यासाठी थांबलेल्या अनेकांना हा खेळ अस्तित्वात आहे, हे प्रथमच कळले.

मैदानावर येताना तो कुबड्या टेकत किंवा चाकाच्या खुर्चीतून येतो. प्रेक्षकांच्या नजरा त्याच्यावर खिळतात, मोबाइल फोन उंचावले जातात. मग तो इतर पाच जणांसारखाच जमिनीवर बसतो, पंचांची शिट्टी वाजते आणि लिफ्टरच्या हातून चेंडू वर जातो. त्यानंतर प्रेक्षकांचे लक्ष चेंडूवर असते.